हॉइल जेंट्रीची साथ

४ मार्च २०१९, सोमवार

डायरी लिहायची कल्पना नेडीनची. "रोज सकाळी माझं डोकं खातेस, त्यापेक्षा लिहून काढ," म्हणाली आणि औषधांच्या दुकानातून ही वही घेऊन आली. वर मांजराचं चित्र आहे. आम्हा दोघी बहिणींना मांजरं मुळीच आवडत नाहीत. पण ती म्हणते, वही उघडल्यावर मांजर दिसत नाही.

लिहिण्यासारखं मात्र खरोखरच घडलंय. एकोणसत्तर साली, मी चोवीस वर्षांची असताना जी रेकॉर्ड केली होती, ती पुन्हा निघणार आहे. इथे नॅशव्हिलमध्येच एक लहानशी कंपनी आहे, ती असल्या विसरल्या गेलेल्या रेकॉर्डी शोधून काढते. कंपनी म्हणजे केंड्रा नावाची एक बाई, तिचा नवरा आणि एक म्हातारा कुत्रा. तिचा फोन आला तेव्हा मी रात्रीच्या जेवणाचे बीन्स निवडत होते.

"मिस व्हर्लीन, रेडिओवर तुमचं 'दुसरा कप' लागलं आणि मला गाडी कडेला घ्यावी लागली. समोरचं दिसेनाच."

"बाई गं, बरं केलंस," मी म्हटलं. "माझ्या गाण्यापायी जीव गेला असता तुझा."

असं म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर मी तिथेच उभी राहून रडले. नेडीन म्हणाली, बाजूला हो, बीन्स खारट होतील.

'दुसरा कप' म्हणजे नवरा सोडून गेल्यावरही रोज सकाळी दोन कप कॉफी ओतणाऱ्या बाईचं गाणं. त्याने माझं नाव झालं, थोडे दिवस का होईना. लोक माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगायचे. एक म्हणजे व्हर्लीन टॅकेट कधी बेसूर होत नाही. रेडिओवरचा एक निवेदक तर म्हणायचा, पियानो लावून घ्यायचा असेल तर हिला बोलवा. दुसरी गोष्ट म्हणजे तो हुंदका. ओळीच्या शेवटच्या लांब सुरावर माझा आवाज जरा खचायचा आणि मग सावरून वर यायचा. बाई रडली, डोळे पुसले आणि उठून कामाला लागली, असं वाटायचं ऐकणाऱ्याला. बायका मला चर्चच्या दारात अडवून विचारायच्या, कसं गं करतेस ते? मी म्हणायचे, करत नाही, होतं. आणि ते खरंच होतं, मी कधी ठरवून केलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

आज केंड्राच्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओ म्हणजे घरामागचं गॅरेज, पण आत स्वच्छ आणि उबदार. नेडीनही आली, कारण रेकॉर्डवर माझ्यामागे वरच्या सुरात गाते ती तीच.

आमच्या वेळी सगळे एका खोलीत बसून एकदमच वाजवायचे. वाजवणाऱ्यांपुढे नोटेशन वगैरे काही नाही, एका चिठोऱ्यावर कॉर्डचे नुसते आकडे, एक, चार, पाच, आणि तेवढ्यावर गाणं उभं राहायचं. टेपवर मात्र प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा धरलेला असतो. त्यामुळे केंड्रा एकेकाला गप्प करू शकते. ड्रम गप्प, पियानो गप्प. ही सोय घरी असती तर नेडीनच्या बाबतीत मी पुष्कळदा वापरली असती. तसं मी बोलूनही दाखवलं.

केंड्राच्या मनात आहे की रेकॉर्डबरोबर दुसरी एक तबकडी द्यायची. तिच्यावर एकेकाचं काम सुटं. आवाज वेगळा, स्टील गिटार वेगळी. हल्ली लोकांना असं उघडून बघायला आवडतं म्हणे. मी म्हटलं, दे की, आमच्यात लपवण्यासारखं काय आहे.

मग तिने हॉइलचं स्टील एकटं लावलं. हॉइल जेंट्री. त्या काळी शहरातल्या अर्ध्या रेकॉर्डींवर स्टील वाजवायचा आणि एकीवरही त्याचं नाव नसायचं. खुर्चीत बसून समोर आडव्या मांडलेल्या गिटारच्या तारांवरून डाव्या हातातली पोलादी कांडी सरकवायचा, उजव्या हाताने छेडायचा, पावलं पेडलवर, गुडघे खालच्या दांड्यांवर. नेडीन म्हणायची, हा माणूस एकाच वेळी शिवणयंत्र चालवतो आणि इस्त्रीही करतो.

हॉइल नेहमी माझ्यासमोरच बसायचा. मांडामांड झालेली असली तरी आपलं स्टील उचलून मी नीट दिसेन अशा जागी आणायचा आणि वाजवताना तारांकडे न बघता माझ्याकडे बघायचा. अगदी टक लावून. लग्न झालेला माणूस, दोन पोरांचा बाप. मी कधी शब्दाने काही म्हटलं नाही, पण बाईला कळतं. नेडीनला तेव्हा सांगितलं तर ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

तर ते स्टील. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं आणि शेवटच्या सुरावर हॉइल चक्क सुरातून उतरलेला. थोडाथोडका नाही, शेजारच्या कुत्र्यालाही कळावं इतका.

केंड्रा जरा चाचरत म्हणाली, "मिस व्हर्लीन, हे सगळीकडे आहे. जवळजवळ प्रत्येक गाण्यात. ओळ संपताना."

मला वाईटच वाटलं. इतका गोड हात, पण कान कच्चा. मी म्हटलं, "हल्ली मशीनवर दुरुस्त होतं ना? करून टाक. तो आता म्हातारा झालाय, लोकांनी हसायला नको त्याला."

"हो हो, करा," नेडीन म्हणाली. "करून बघाच एकदा."

परतीच्या वाटेवर ती गाडीत सबंध वेळ स्वतःशीच हसत होती. तिची साखर तपासून घ्यायला हवी.

१९ मार्च, मंगळवार

पुन्हा गॅरेज. केंड्राने हॉइलचं स्टील सुरात आणून ठेवलं होतं. 'दुसरा कप' लावलं. मी डोळे मिटून बसले होते, आणि ओळ संपता संपता उघडले.

"माझ्या आवाजाला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही, मॅडम. फक्त स्टीलला लावलाय."

"मग माझा हुंदका कुठे गेला?"

केंड्रा कुत्र्याकडे बघायला लागली. नेडीन केंड्राकडे बघायला लागली. स्टील कसं लख्ख होतं, आणि त्याच्याखाली कुणीतरी बाई थकून गात होती, सूर सोडून. मी सरळ सांगितलं, तुमच्या मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे, एकाचं काढून दुसऱ्याला लावतंय ते.

"तुमचा आवाज एकटा ऐकवू का?" केंड्राने हळूच विचारलं.

मी म्हटलं, नको, जेवायची वेळ झाली. आणि एकट्या आवाजात ऐकण्यासारखं असतं काय? तरी तिने सगळे सुटे ट्रॅक एका सीडीवर घालून दिलेत. सीडी माझ्या पर्समध्येच आहे.

२३ मार्च, शनिवार

आज हॉइलला भेटून आले. गॅलटिनला मुलीकडे राहतो, ट्वायलाकडे. मी बनाना पुडिंग करून नेलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला, तेव्हापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो. स्टील त्याच्या खोलीतच आहे, चादर घालून ठेवलेलं.

"म्हातारी झालीस," मला बघताच म्हणाला.

"तू तर तेव्हाच होतास," मी म्हटलं. खुदकन हसला. हसणं अगदी तेच आहे.

मी शक्य तितकं सांभाळून सांगितलं. म्हटलं, हॉइल, मनाला लावून घेऊ नकोस, पण टेपवर तुझं स्टील जरा उतरलेलं ऐकू येतं. त्याने चादरीखालच्या स्टीलकडे बघितलं. मग म्हणाला, "हो. आठवतंय मला. उकाडा फार होता त्या दिवशी. उकाड्याने तारा उतरतात."

बिचारा. ते रेकॉर्डिंग जानेवारीतलं. स्टुडिओचा हीटर बंद पडला होता आणि मी अंगात कोट घालून गायले होते. मी दुरुस्ती केली नाही. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाशी हुज्जत काय घालायची.

"त्यांनी सारखं केलं का ते?"

"केलं. पण मला नाही आवडलं. गाणंच बसलं खाली."

"तुझा आवाज एकटा काढून ऐकलास?"

"नाही."

"नको ऐकूस," तो म्हणाला. पुडिंगचा चमचा खाली ठेवला. "व्हर्लीन, माझं एक काम कर. चूक माझी आहे, कबूल. पण ती राहू दे. म्हाताऱ्याची हौस समज. आणि ते सुटं सुटं काही काढू नका. सगळं एकत्र वाजलंय, एकत्रच असू दे."

मला भरून आलं. माणसाचा आपल्या चुकीवरही जीव जडतो. मी म्हटलं, बरं, तुझी चूक तशीच ठेवायला सांगते. त्याने डाव्या हाताने माझा हात दाबला. निघताना ट्वायला दारापर्यंत आली. डॅडी इतक्या दिवसांत एवढं बोलले नव्हते म्हणाली.

२८ मार्च, गुरुवार

नेडीन केस करायला गेली होती. घरात मी एकटी. मशीनमध्येच बिघाड आहे हे केंड्राला पटवून द्यायचं होतं, म्हणून सीडी काढली आणि माझा आवाज एकटा लावला.

उतरले आहे. मी.

आणखी लिहायला घेतलं होतं, खोडून टाकलं. उद्या लिहीन.

२९ मार्च, शुक्रवार

काल काय ऐकलं ते लिहायलाच हवं.

ओळीच्या शेवटी श्वास पुरत नाही आणि सूर हातातून सुटतो. हुंदका वगैरे काही नाही. दमलेल्या पोरीचा सूर पडतो, झालं. मी तो भाग परत परत ऐकला. मग हॉइलचा ऐकला. मग दोन्ही एकत्र. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून, ओतून ठेवलेल्या कॉफीला हातही न लावता.

मी जिथे पडते तिथे तो खाली येतो. जवळपास कुठे नव्हे, अगदी तिथेच. बाकी सगळा बँड आपल्या सुरावर उभा, आणि हा एकटा माझ्याबरोबर खाली. क्षणभर माझ्याशेजारी थांबतो आणि मग कांडी हळूहळू वर सरकवतो. तोवर माझा श्वास संपलेला असतो, आवाज विरलेला असतो, पण त्याचं स्टील वर जात राहतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मीच वर आले. पडणं माझं. उठणं सगळं त्याचं.

आणि अजून एक आहे, ज्याने मी जास्त हबकले. तो माझ्यामागून खाली येत नाही. मी पडायच्या किंचित आधी त्याची कांडी निघालेली असते. त्याला कसं कळायचं, देव जाणे.

नेडीनला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "बेसवाल्याला, पियानोवाल्याला. मी तर तुझ्या खांद्याला खांदा लावून गायचे, व्हर्ल. मला न कळून कसं चालेल?"

"मग तोंड का शिवलं होतंस?"

"हॉइलनेच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, तू पावडर लावायला गेलीस तेव्हा. म्हणाला, पोरीला कुणी काही बोलायचं नाही. बोललात तर ती जपून गाईल, आणि जपून गाणारं कुणी मला नकोय. तिला आहे तशी गाऊ द्या, खालचं मी बघतो."

खालचं मी बघतो. त्यावर मी दहा वर्षं गावोगाव गायले, त्यावर मुलगा वाढवला, त्यावर लोकांनी मला दारात अडवून विचारलं. मला राग यायला हवा होता, नेडीनचा तरी. आला नाही. सकाळपासून नुसतं वाटतंय की आपल्या घराखाली कुणीतरी इतकी वर्षं हात लावून उभं होतं आणि आपण वर निवांत झोपत होतो. देवा, किती उपकार केलेस, आणि कुणाच्या हातून केलेस ते आज सांगितलंस.

२ एप्रिल, मंगळवार

ठरवलं. केंड्राला जाऊन सांगितलं, दुसरी तबकडी काढायची. माझा आवाज एकटा आणि त्याखालोखाल हॉइलचं स्टील एकटं. कुठलीही दुरुस्ती नाही. आणि आत एक पान मी लिहिणार, म्हणजे ज्याला कान आहेत त्याला कळेल की हुंदका कुणाचा.

केंड्राचा चेहरा पडला. "मॅडम, लोक तुम्हाला ज्याच्यासाठी ओळखतात तेच..."

"तेच तर माझं नव्हतं, पोरी."

असं म्हणायला मला किती कष्ट पडले ते फक्त इथे लिहिते. कधीही बेसूर न होणारी व्हर्लीन टॅकेट. माझ्याकडे तेवढीच एक चीज उरली आहे, नवरा गेला, आवाज गेला, मुलगा ओरेगनला. पण त्या माणसाचं नाव एकाही रेकॉर्डवर नाही. मूळ कव्हरवर माझं नाव होतं, माझा फोटो होता आणि माझे केस ज्या बाईने केले तिचंसुद्धा नाव होतं.

संध्याकाळी ते पान लिहिलं. चांगलं झालं आहे. नेडीनला वाचून दाखवलं तर तिने नाक पुसलं आणि विचारलं, "हॉइलला विचारलंस?"

"आभार मानायला परवानगी लागते का?"

"मी आपली विचारतेय," ती म्हणाली.

६ एप्रिल, शनिवार

ते पान घेऊन गॅलटिनला गेले. वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल त्याच्या. मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर वर बघितलं तर हॉइलचा चेहरा लाल झाला होता. त्याला चिडलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

"कुणी सांगितलं तुला?"

"माझ्या कानांनी."

"ऐकू नकोस म्हटलं होतं ना?"

"मी तुझे आभार मानतेय, हॉइल."

"हे आभार?" तो म्हणाला. "सुतार खुर्चीचा मोडका पाय आतून बसवतो, बाहेरून दिसू नये म्हणून मरमर मरतो. आणि तू ती खुर्ची चौकात नेऊन उलटी करणार, वर सांगणार, बघा हो, किती चांगला सुतार. माझ्या सगळ्या कामात तेवढं एक काम मला मनासारखं जमलंय, व्हर्लीन. ते तू उसवून दाखवायला निघालीस."

"पण मग तू काय केलंस ते लोकांना कळणार कधी?"

"कशाला कळायला हवं? तूच म्हणालीस ना, त्या पोरीने रेडिओवर ऐकून गाडी कडेला घेतली."

"हो."

"म्हणजे अजून चालतंय. चालतं काम बंद कशाला पाडतेस?"

ट्वायलाने कॉफी आणली, ती बघत बसले. मग जे विचारायचं राहून गेलं होतं ते विचारून टाकलं. म्हटलं, मी पडणार हे तुला आधी कसं कळायचं?

"हनुवटी," तो म्हणाला. राग उतरला होता. "श्वास संपत आला की तुझी हनुवटी वर जायची. ती हलली की मी निघायचो. म्हणून तर समोर बसायचो."

"म्हणून बघायचास?"

"मग कशासाठी?"

"फक्त हनुवटी?"

"फक्त हनुवटी."

स्वयंपाकघरात ट्वायला फिसकन हसली. पन्नास वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात नाही म्हणत आले, आणि त्याने विचारलंच नव्हतं. घरी येऊन नेडीनला सांगितलं तर तिला पुन्हा उचकी लागली. मलाही हसू आवरेना, दोघी जमिनीवर बसून हसलो.

एक राहिलं. मी त्याला विचारलं, हे तू फक्त माझ्यासाठी करायचास का? म्हणाला, ज्यांना लागायचं त्यांच्यासाठी, आणि बहुतेकांना लागायचं. मी म्हटलं, नावं तरी सांग. त्याने नुसती मान हलवली. आता त्यातले किती जण मातीखाली आहेत, तरीही नाही.

७ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये आज माझं गाणं होतं. उभी राहिले आणि हनुवटी आठवली. ती खाली धरून, प्रत्येक सूर तपासून गायले. एकही सूर पडला नाही.

कुणी डोळेही पुसले नाहीत. पास्टरच्या बायकोने नंतर विचारलं, बरं वाटत नाहीये का?

९ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस धुमसत होते. मनात येत होतं, तो कोण मला अडवणारा, उपकार माझ्यावर आहेत, फेडायचे कसे ते मी ठरवीन. आज सकाळी बिस्किटांचं पीठ मळताना कळलं की फेडायचं असेल तर त्याला जे हवं ते द्यायला हवं, मला जे द्यावंसं वाटतं ते नाही. त्याला हवंय की मी गप्प बसावं. मला दुसरं काहीही सोपं गेलं असतं.

केंड्राला फोन केला. दुसरी तबकडी नाही. दुरुस्ती नाही. टेप जशी आहे तशी.

ती म्हणाली, "मिस व्हर्लीन, खरं सांगू? मी ते सुटे ट्रॅक ऐकल्यापासून गाणं नीट ऐकूच शकले नाहीये. काल पहिल्यांदा पुन्हा एकत्र लावलं. परत रडले. माहीत असूनसुद्धा."

"मग झालं तर," मी म्हटलं. "ते कुणाजवळ बोलू नकोस म्हणजे झालं."

नावं मात्र सगळ्यांची छापायला लावली आहेत, आणि त्यावर मी हटणार नाही. हॉइलला ट्वायलाकरवी विचारलं. हरकत नाही म्हणाला, पण बेसवाल्याच्या नंतर घाला. माझं ते पान चुलीत घातलं. छान लिहिलं होतं.

८ जून, शनिवार

आज रेकॉर्ड निघाली. ईस्ट नॅशव्हिलमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानात लहानसा समारंभ. पिमेंटो चीजची सँडविचं, गोड चहा, आणि माझ्या नातवंडांच्या वयाचे दाढीवाले. मी निळा ड्रेस घातला होता. ट्वायला हॉइलला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. जुना तपकिरी सूट, आता दोन मापं मोठा झालेला. कुणी त्याला ओळखलं नाही. कव्हर उलटून त्याने नावं वाचली, बेसवाल्याच्या खाली बोट थांबलं, आणि कव्हर मिटून मांडीवर ठेवलं.

रेडिओवरचा एक माणूस माइक घेऊन आला. चांगला होता, सगळं वाचून आला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, हिच्या सुराला तोड नव्हती. मग मला विचारलं, "तो हुंदका, मॅडम, तो कुठून यायचा?"

खरं माझ्या जिभेवर होतं. आयुष्यात एखादी गोष्ट सांगण्याची इतकी घाई मला कधी झाली नव्हती. नेडीनने मागून माझ्या कोपराला हात लावला. मी म्हटलं, "माझ्यासमोर चांगली माणसं बसायची हो." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. ते सगळं कौतुक मी ठेवून घेतलं. ते ठेवून घेणं मला फार जड गेलं.

मग ट्वायलाने हॉइल कोण ते सांगितलं, तसा तो त्याच्याकडे वळला. "सर, तुम्ही तर सगळ्या गाण्यांना होतात. खरंच कधी बेसूर झाल्या नाहीत?"

"एकदाही नाही," हॉइल ठणठणीत आवाजात म्हणाला. "मी समोरच बसायचो."

मग दुकानात 'दुसरा कप' लावलं. मी त्याच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. ओळ संपत आली आणि मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. पलीकडे रेकॉर्डींच्या खोक्यांपाशी एक जाड, मध्यमवयीन बाई उभी होती, ऑफिसातून आल्यासारखी, गळ्यात अजून ओळखपत्र. शेवटचा सूर लागला, पडला, उठला, आणि त्या बाईने चष्मा काढून हाताच्या पंजाने डोळे दाबले. हॉइल तिच्याकडे बघत होता. त्याचा डावा हात कांडी धरल्यासारखा मांडीवर थोडासा सरकला आणि थांबला.

मी वाकून त्याच्या कानाशी म्हटलं, "थँक यू, हॉइल."

"कशाबद्दल?" त्याने इतक्या मोठ्याने विचारलं की आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले, माइकवाला सुद्धा.

"काही नाही," मी म्हटलं. "सहज."